व्यायामाने पोटाच्या तक्रारी कमी होतात, मग लांब धावताना पोट का बिघडते?

तुम्ही लिहिले आहे, की ऐरोलीतील कार्यालयात दिवसभर बसून काम केल्यामुळे पोट नीट साफ होत नसे आणि संध्याकाळी फुगत असे; वर्षा मॅरेथॉनच्या तयारीसाठी पाम बीच रस्त्यावर धावू लागल्यापासून ही तक्रार कमी झाली, परंतु रविवारच्या लांब पल्ल्यात मात्र पोटात मुरडा येऊन शौचाला जावे लागते. मग व्यायाम आतड्यांना उपकारक म्हणायचा की अपायकारक, असा तुमचा प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही. ठाण्यातील एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि त्या निमित्ताने या विषयावरचे संशोधन वाचत असते. तुमचे दोन्ही अनुभव खरे आहेत, कारण मध्यम व्यायामाचा आणि दीर्घ, दमछाक करणाऱ्या व्यायामाचा आतड्यांवरचा परिणाम सारखा नसतो.

मोठ्या आतड्याची मल पुढे ढकलणारी जोरदार आकुंचने दिवसातून मोजक्याच वेळा होतात, आणि तीही मुख्यतः सकाळी उठल्यावर व काही खाल्ल्यानंतर. मल आतड्यात जितका जास्त काळ रेंगाळतो, तितके त्यातील पाणी शोषले जाऊन तो कठीण होत जातो. बद्धकोष्ठता असलेल्या व्यक्तींवर झालेल्या चाचण्यांमध्ये चालण्यासारख्या व्यायामाने लक्षणे सौम्य झाल्याचे आढळले आहे, तेव्हा तुम्हाला जाणवलेला फरक हा केवळ मनाचा खेळ नसावा. मात्र चहा-नाश्त्यानंतर आलेली शौचाची भावना दाबून ठाण्याहून सुटणारी ट्रान्सहार्बर लोकल गाठायची सवय असेल, तर व्यायामाने मिळवलेले बरेचसे तिथेच गमावले जाते. आहारात पुरेसा चोथा नसेल, म्हणजे भाज्या, फळे, सालीसकट डाळी आणि भाकरी मिळून दिवसाला सुमारे ३० ग्रॅम तंतू पोटात जात नसतील, तर नुसत्या धावण्याने फारसे साधणार नाही. रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली तर जरूर करावी. तिने अडकलेला वायू सरकतो आणि जेवणानंतर वाढणारी रक्तशर्कराही आटोक्यात राहते.

जीवाणूंबद्दल सध्या बरेच बोलले जाते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. आयर्लंडमधील कॉर्क येथील संशोधकांनी २०१४ मध्ये असे दाखवले, की व्यावसायिक रग्बी खेळाडूंच्या आतड्यांतील जीवाणूंची विविधता इतर पुरुषांपेक्षा अधिक असते. पण हे खेळाडू प्रथिनेही पुष्कळ खात असल्यामुळे श्रेय व्यायामाला द्यायचे की आहाराला, हे त्यातून ठरत नव्हते. त्या दृष्टीने इलिनॉय विद्यापीठाचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. त्यात बैठे जीवन जगणाऱ्या ३२ जणांना नेहमीचा आहार न बदलता सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, ३० ते ६० मिनिटे व्यायाम करायला लावले. आतड्यांतील जीवाणू जी तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी ज्यांवर प्रामुख्याने जगतात, त्या ब्युटिरेटसारख्या मेदाम्लांचे प्रमाण वाढले, पण ते सडपातळ व्यक्तींमध्ये. स्थूल व्यक्तींमध्ये तशी वाढ दिसली नाही. पुढचे सहा आठवडे व्यायाम बंद ठेवल्यावर हे बदल बहुतांशी पुसले गेले. म्हणून मॅरेथॉनपुरते धावून नंतर वर्षभर खुर्चीला चिकटणाऱ्यांना या लाभाचा फारसा भरवसा धरता येणार नाही. आतड्यांतील जीवाणूंचे महागडे अहवाल काढून देणाऱ्या चाचण्यांवर पैसे खर्च करावेत असेही मला वाटत नाही, कारण त्या अहवालावरून तुमच्या रोजच्या वागण्यात नेमका कोणता बदल करायचा, हे क्वचितच ठरते.

आता रविवारच्या मुरड्याविषयी. जोरात आणि दीर्घ काळ धावताना रक्त पायांच्या स्नायूंकडे आणि शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे वळते, त्यामुळे आतड्यांना मिळणारे रक्त निम्म्याहूनही बरेच कमी होऊ शकते. अस्तराला प्राणवायू कमी पडला की आतड्यातील नको ते घटक शरीरात शिरण्यापासून अडवण्याची त्याची क्षमता ढिली पडते, आणि सततच्या हादऱ्यांची त्यात भर पडून पोटात कळ, मळमळ किंवा जुलाब होतात. ऊन आणि पाण्याची कमतरता यांनी हे सारे वाढते. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत पहाटे साडेपाचलाही घामाच्या धारा लागतात, हे तुम्ही जाणताच. शनिवारी रात्री मिसळ, छोले किंवा तळलेले पदार्थ टाळून साधा वरणभात खाल्ला, तर पुष्कळ फरक पडेल. चोथा एरवी हितकर असला तरी लांब धावेच्या आदल्या रात्री तो बेतानेच घ्यावा. निघण्यापूर्वी कॉफी घेत असाल तर ती घरीच शौच उरकण्याइतपत आधी घ्या, पाणी घोटाघोटाने प्या आणि धावताना ताकदीसाठी घेतले जाणारे साखरेचे दाट जेल पहिल्यांदाच शर्यतीच्या दिवशी खाऊ नका. अंतर आठवड्याला थोडे थोडे वाढवले तर पोटही हळूहळू सरावते.

गुडघे दुखू नयेत म्हणून धावण्याआधी आयबुप्रोफेनची गोळी घेण्याची सवय अनेक धावपटूंना असते. ती तुम्हालाही असेल तर आजच थांबवा, कारण रक्तपुरवठा आधीच घटलेल्या आतड्यांच्या अस्तराला या गोळीने आणखी इजा होते. शौचातून रक्त पडणे, मल डांबरासारखा काळा होणे, कारण नसताना वजन उतरणे किंवा पोटदुखीने रात्री झोपेतून जाग येणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याचा संबंध धावण्याशी जोडून स्वस्थ न बसता पोटविकारतज्ज्ञांकडे जावे, आणि त्यांचे मत मिळेपर्यंत लांब धावा बंद ठेवाव्यात.