सगळा ग्रुप मार्केटिंग घेतोय, मी एकटीनं खगोलशास्त्र घेऊ का?

प्रिय माई,

मी इंदूरच्या एका खासगी विद्यापीठात बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सेमेस्टरला एक ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय, निवडायचं आहे. यादीत 'खगोलशास्त्राची ओळख' आहे आणि 'डिजिटल मार्केटिंग'ही. चांद्रयान-3 उतरलं तेव्हापासून मी रात्री जागून अंतराळाचे व्हिडिओ बघते, म्हणून मन खगोलशास्त्राकडे ओढतंय. पण एक सीनियर म्हणते, "फुकटचे क्रेडिट आहेत, डोळे मिटून घे," आणि दुसरा म्हणतो, "गणित आहे, सीजीपीएची वाट लागेल." माझं गणित दहावीलाच सुटलं. बाबा विचारतात, "याचा पुढे उपयोग काय?" आजी म्हणते, "म्हणजे आता पत्रिका बघशील का?" कधी वाटतं, बाबांना न सांगताच फॉर्म भरून टाकावा. बाकी माझा सगळा ग्रुप मार्केटिंग घेतोय. काय करू?

— गोंधळलेली, राजेंद्र नगर, इंदूर

अगं,

बाबा, आजी, सीनियर, सगळ्यांना तू पत्रात नीट जागा दिलीस आणि ग्रुपचं मात्र जाता जाता लिहून टाकलंस. माझ्या मते खरी गोम तिथंच आहे. अनोळखी वर्गात एकटीनं जाऊन बसायचं, शेजारी बहुतेक बीएस्सीची मुलं, आणि आपल्याला काही आलं नाही तर कुणाला विचारायचं? ही भीती खोटी नाही, पण ती आठवड्यातल्या तीन-चार तासांची आहे. बाकीचे सगळे पेपर तुम्ही एकत्रच शिकणार आणि छप्पन दुकानवर खायला जाणंही काही बंद होत नाही. तेव्हा ग्रुप हे कारण यादीतून काढून टाक आणि मग बघ काय उरतं ते.

उरतात व्हिडिओ. इथं मी तुला थोडी नाराज करणार आहे. व्हिडिओ आवडतात म्हणून विषय घेऊ नकोस. कृष्णविवरं आणि महास्फोट व्हिडिओत पहिल्या मिनिटाला येतात. वर्गात ते सेमेस्टरच्या शेवटी येतात, तेही सिलॅबस वेळेत संपला तर. त्याआधी ऋतू का होतात, चंद्राच्या कला, ग्रहणं, आकाशात तारा कुठं आहे ते आकड्यांत कसं सांगायचं, मग केप्लर, न्यूटन, प्रकाश, वर्णपट, ताऱ्यांची तेजस्विता आणि अंतरं. बरीचशी मुलं इथंच कंटाळतात. तू कंटाळशील की नाही, हे फॉर्म भरायच्या आधी घरच्या घरी कळू शकतं.

त्यासाठी दोन उदाहरणं देते. पहिलं: 2028 मध्ये उज्जैनला सिंहस्थ कुंभमेळा आहे. याआधीचा 2016 चा, त्याच्या आधीचा 2004 चा. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ, हे तुझ्या आजीला पाठ असेल. पण 12 वर्षांनीच का? खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं 1619 मध्ये मांडलेला नियम असा: ग्रह सूर्यापासून पृथ्वीच्या किती पट लांब आहे तो आकडा घे, त्याचा घन कर आणि वर्गमूळ काढ, जे येईल तितक्या वर्षांत त्या ग्रहाची सूर्याभोवती एक फेरी होते. गुरू 5.2 पट लांब आहे. मोबाइल काढ. 5.2 गुणिले 5.2 गुणिले 5.2 म्हणजे 140.6. त्याचं वर्गमूळ 11.86. पुरी बारा नाहीत, थोडी कमी. हा थोडा फरक साठत जातो आणि कधीतरी एक वर्ष गिळून टाकतो. म्हणूनच हरिद्वारचा कुंभ 2010 नंतर 2022 ऐवजी 2021 लाच भरला.

आता दुसरं. आजी संकष्टी धरत असतील तर भिंतीवरच्या कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ बघून पान वाढत असाल. ती वेळ मुंबईची असेल, तर आजी विनाकारण उपाशी बसतात. इंदूर मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ 3 अंश आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात. म्हणजे आपल्याकडे चंद्र साधारण 12 मिनिटं आधी उगवतो. साधारण म्हणते, कारण आपण मुंबईच्या उत्तरेलाही आहोत आणि चंद्र त्या दिवशी आकाशात किती उत्तरेला-दक्षिणेला आहे त्यावर ही 12 मिनिटं कधी कमी होतात, कधी वाढतात.

हे वाचताना "कमी कधी आणि वाढतात कधी?" असं मनात आलं असेल, तर विषय घे. "बरं, पुढे?" असं आलं असेल, तर व्हिडिओ बघत राहा, तोही छान छंद आहे आणि त्याला इंटर्नल नसतात.

गणिताचं तू फारच मनाला लावून घेतलं आहेस. अशा ओळख करून देणाऱ्या पेपरला बहुतेक ठिकाणी दहावीची त्रिकोणमिती, गुणोत्तर, दहाचे घात आणि थोडं लॉग एवढंच लागतं. आणि बीकॉमवाल्या मुलीनं "माझं गणित सुटलं" म्हणावं? ताऱ्यांच्या तेजस्वितेची जी प्रत असते (आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी), तिच्यात 5 प्रतींचा फरक म्हणजे प्रकाशात 100 पटींचा फरक. मग एका प्रतीला किती पट? पाच वर्षांत रकमेच्या 100 पट झाले तर दर वर्षी किती पट झाले, हे चक्रवाढीचं गणित तू काढतेसच. हे तेच आहे, उत्तर 2.512. व्याध ताऱ्याची प्रत उणे 1.46 आणि नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याची 6 च्या आसपास. त्या दोघांत किती पट फरक, ते आज काढून बघ. जमेल.

तुझे दोन्ही सीनियर खरं बोलत असतील, कारण हा पेपर कोण शिकवतं यावर फार अवलंबून असतं. फिजिक्सचे हौशी सर असतील तर तो वर्षभरातला सगळ्यात चांगला तास होतो. कुणाच्या तरी वेळापत्रकात भर म्हणून टाकला असेल तर स्लाइड वाचून दाखवतात आणि शेवटी टिकमार्कची परीक्षा. तेव्हा सीनियरचं मत राहू दे, मागच्या वर्षीचा पेपर माग. इंटर्नलला काय असतं, कितीचं असतं, ते बघ. ऑफिसात विचार की इलेक्टिव्ह बदलायची मुदत कधीपर्यंत असते. आणि आकाशनिरीक्षण आहे का, असलं तर कोणत्या महिन्यात? जुलै-ऑगस्टमध्ये ठेवलं असेल तर समज की ते फक्त कागदावर आहे. माळव्यात सप्टेंबर सरेपर्यंत ढगांचा भरवसा नसतो. खरं आकाश दिवाळीच्या आगेमागे मोकळं होतं आणि तेव्हा तुमच्या परीक्षा डोक्यावर असतात.

कॉस्ट अकाउंटिंग आणि इन्कम टॅक्स दोन्ही याच सेमेस्टरला असतील आणि पहिल्या वर्षाचा एखादा पेपर राहिला असेल, तर मात्र मी म्हणेन, या खेपेला सोपं काहीतरी घे. मार्केटिंगलाही नावं ठेवत नाही. पण त्यातली आजची साधनं तू नोकरीला लागेपर्यंत बदललेली असतील आणि नवी तुला पहिल्या इंटर्नशिपमध्ये शिकावीच लागतील. केप्लरला पुढे कुणी शिकवायला येणार नाही.

आता बाबा. त्यांच्या प्रश्नाला ओढूनताणून उत्तर देऊ नकोस. "याने लॉजिकल थिंकिंग वाढतं" वगैरे तर मुळीच नको. बाप लोकांना ते लगेच कळतं. सरळ सांग की नोकरीला उपयोग नाही. आपल्या सिमरोलच्या आयआयटी इंदूरमध्ये खगोलशास्त्राचा विभाग आहे, पण बीकॉमच्या एका इलेक्टिव्हवर तिथं कुणी घेत नाही, तेव्हा त्या भ्रमात तूही राहू नकोस. सगळ्या डिग्रीतले हे मोजके क्रेडिट, तेवढे मला आवडीचे घेऊ द्या, एवढंच म्हण. हे मागणं रास्त आहे.

त्याआधी एखादा ऊन पडलेला रविवार बघून बाबा आणि आजी दोघांना उज्जैनच्या वेधशाळेत घेऊन जा. 55 किलोमीटर, महाकालचं दर्शनही होईल. माळव्याचा सुभेदार असताना सवाई जयसिंगानं अठराव्या शतकात ती उभारली. पुढे पडझड झाली, आणि 1923 मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिची दुरुस्ती करवली ती वेधशाळेचे पहिले अधीक्षक गोविंद सदाशिव आपट्यांच्या खटपटीमुळे. इंदूरच्या मराठी घरांत आपटे हे नाव निघत नाही, याचं मला वाईट वाटतं. तिथल्या सम्राट यंत्राच्या, म्हणजे मोठ्या सूर्यघड्याळाच्या, भिंतीची सावली बाराच्या खुणेवर येईल तेव्हा बाबांना घड्याळ बघायला सांग. घड्याळात बारा वाजून गेलेले असतील, सरासरी 27 मिनिटं, ऋतूप्रमाणे साधारण 10 ते 41 च्या मधे. कारण आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशाच्या वेळेवर चालतं आणि उज्जैन पावणेशहात्तरच्या जवळ आहे. उजळणी तू आधी करून ठेव, ते विचारणारच.

आजीला म्हण, गुरू आज कुठं आहे ते सांगेन, तो तुझं काय करेल ते नाही. पत्रिकेवरून घरात वाद घालू नकोस. त्यांना संकष्टीची वेळ काढून दे, त्या तुझ्या बाजूला येतील.

आणि न सांगता फॉर्म भरायचं डोक्यातून काढ. फी बाबा भरतात हे एक. दुसरं, निरीक्षण असलं तर ते रात्री असणार, शहराच्या उजेडापासून लांब, आणि तिथून अकरा वाजता तुला आणायला स्कूटर घेऊन कोण येणार आहे? त्या रात्री फोन करून सांगण्यापेक्षा आत्ताच सांगितलेलं बरं. हवं तर त्यांनाही थांबवून घे. सर लोक बहुधा पालकांना दुर्बिणीतून बघू देतात.

फॉर्मची शेवटची तारीख तू पत्रात लिहिली नाहीस. ती आधी बघ.

— माई