जुनं कपाट दिलं, कार्बन नक्की किती वाचला?

प्रश्न : ताई नमस्कार. आमची मुलुंड पूर्वेची सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीये, सगळ्यांना भाड्याच्या लहान जागेत जायचंय, त्यामुळे कपाटं, पलंग, टेबलं, भांडी असं सगळं आम्ही गरजूंना देतोय. कमिटीतल्या एका मुलाने सगळ्या सामानाचं वजन एका परदेशी कॅल्क्युलेटरमध्ये टाकलं आणि आता नोटीस बोर्डवर ‘आपण एवढे टन कार्बन वाचवला’ असं लावायचं म्हणतोय. हा आकडा खरा धरायचा का?

उत्तर : आधी त्या मुलाला माझी शाबासकी सांगा, मोजावंसं वाटलं हेच खूप आहे. पण आकडा तसाच लावू नका. अशा कॅल्क्युलेटरमध्ये बऱ्याचदा धरलेलं असतं की वस्तू दिली नसती तर कचऱ्यात गेली असती. आता आपल्याकडे लोखंडी कपाट कधी देवनारच्या नाहीतर कांजूरच्या डम्पिंग ग्राउंडवर गेलेलं बघितलंय का? भंगारवाला चार जिने चढून येतो, काट्यावर वजन करतो, पैसे देऊन घेऊन जातो आणि ते लोखंड पुढे जालन्यासारख्या ठिकाणी भट्टीत वितळून त्याच्या सळया होतात. जुने कपडे बोहारीण नेते, बदल्यात स्टीलचा डबा देते, पेपर रद्दीवाल्याकडे जातो. म्हणजे डम्पिंग वाचलं ही बचत मुंबईत बहुतेक सामानाला लागूच होत नाही. फाटकी गादी, भुगा झालेला प्लायचा सोफा, याला कोणी हात लावत नाही, तिथे लावा हवी तर, पण अशा वस्तू घ्यायलाही कोणी येत नाही.

मग बचत कुठे आहे, तर घेणाऱ्याने नवीन घ्यायचं टाळलं तिथे. म्हणून वस्तू नेणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारा, हे मिळालं नसतं तर काय केलं असतंत? आणि जे उत्तर येईल ते लिहून ठेवा, आपण अंदाज बांधायचा नाही.

समजा बदलापूरला नवीन संसार थाटणारं जोडपं म्हणालं, आम्ही दुकानातून नवं कपाटच घेणार होतो. कपाट धरा ६५ किलोचं. आपल्या देशात एक किलो पोलाद बनवायला साधारण अडीच किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे झाले १६० किलोच्या आसपास, रंग आणि दुकानापर्यंतची वाहतूक सोडून. पण तुमचं कपाट जुनं आहे, नवीन २० वर्षं टिकणार असेल आणि हे अजून १० वर्षं चालणार असेल तर निम्मंच धरा, ८० किलो. आता टेम्पो. मुलुंड-बदलापूर जाऊन-येऊन ७०-७५ किलोमीटर, छोटा हत्ती लिटरला १५ देतो म्हटलं तर ५ लिटर डिझेल, लिटरमागे २.७ किलो, म्हणजे साडेतेरा किलो गेले. एकटं कपाट नेलं तर सगळे साडेतेरा त्याच्याच नावावर, पण त्याच टेम्पोत पलंग, टेबल आणि भांड्यांची गोणी गेली तर ते वाटले जातात, म्हणून एकाच बाजूला जाणारं सामान एकत्र पाठवा, यात खरंच फरक पडतो. तर कपाटामागे ६५-७० किलो वाचले, हे छातीठोकपणे लावा बोर्डवर.

आणि तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, मी कुठलं कपाट घेते, कपडे गाठोड्यातच राहिले असते, तर त्या कपाटाचा कार्बन शून्य लिहा. वाईट वाटून घेऊ नका आणि आकडा फुगवायला तिथे काहीतरी भरूही नका. त्या घरात पहिल्यांदा कपाट आलं ही कितीतरी मोठी गोष्ट आहे आणि ती कार्बनच्या रकान्यात कोंबायची गरजच नाही, तिला ‘गरज भागली’ असा वेगळा रकाना करा. मला विचाराल तर बोर्डवर तोच वर लिहा.

प्रश्न : आमचा जुना फ्रिज चालू आहे, पण लाइट बिल खूप येतं. नवीन घेऊन जुना वॉचमन काकांना दिला तर पर्यावरणाला बरं ना? (वाचक, परळ)

उत्तर : फ्रिजचं गणित कपाटासारखं नाहीये, कारण कपाट वीज खात नाही. तुमचा फ्रिज वर्षाला ६०० युनिट खातो आणि नवीन २५० खाईल असं धरू, फरक ३५०. देशातल्या विजेची सरासरी युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे, म्हणजे जुना चालू राहिला तर दरवर्षी २४५ किलो जास्त, आणि ते बिल आता काकांच्या पगारातून जाणार, म्हणून जुना त्यांना देऊ नका. त्यांच्याकडे फ्रिज नसेल आणि गरज असेल तर दोघांनी मिळून एखादा लहान, चांगल्या स्टारवाला सेकंडहँड बघा, थोडे पैसे तुम्ही घाला.

जुना मात्र गल्लीतल्या भंगारात देऊ नका. तिथे कॉम्प्रेसरची नळी सरळ तोडतात आणि आतला गॅस उडून जातो. मागच्या पट्टीवर आर-१३४ए लिहिलेलं असेल तर तो गॅस कार्बन डायऑक्साइडच्या साधारण १३०० पट तापवतो, म्हणजे नुसता १०० ग्रॅम सुटला तरी १३० किलो. २०२२ च्या ई-कचरा नियमांत फ्रिज येतो, तेव्हा नोंदणी असलेल्या रिसायकलरला बोलवा नाहीतर नवीन घेताना कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये द्या, आणि गॅस काढून घेणार ना हे फोनवरच विचारून ठेवा.