पावडर बसली म्हणून एवढं काय!

अगं, रात्री साडेबाराला टाकलेला तुझा मेसेज सकाळी चहा घेताना बघितला. क्रिस्टल वाढवायला बारा व्हायल (काचेच्या छोट्या बाटल्या) लावल्या, बाराही जणींत पावडरच, एनएमआर (चुंबकात ठेवून रेणूची रचना तपासायची चाचणी) तर क्लीन आहे मग क्रिस्टलच्या मागे कशाला लागायचं, असं विचारलंयस. मीही पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी हेच म्हणत होतो.

दोन टोकांना वेगवेगळे गट असलेलं डायकीटोन घेतलं, त्यात फिनाइलहायड्रॅझिन घातलं, पायराझोल (दोन नायट्रोजनवाली पाच अणूंची रिंग) मिळालं, एनएमआर छान, मास म्हणजे रेणूचं वजन बरोबर, आणि मला जी रचना हवी होती तीच मी कागदावर काढून मोकळा झालो. बॅक्टेरियावर टेस्टिंग करून आणलं, अर्धा पेपर लिहून झाला. मग गणपतीला गावी जाऊन आलो तर कपाटात विसरलेल्या एका व्हायलच्या कडेला सुईसारखे दोन क्रिस्टल! त्यांच्यावर एक्सरे टाकून अणू कुठे बसलेत ते बघितलं तर फिनाइलवाला नायट्रोजन भलत्याच बाजूला. दुसरा आयसोमर, म्हणजे अणू तेच पण जोडणी वेगळी. वजन तेच, मासला काय कळणार कप्पाळ? एनओईनेही (कोणते अणू जवळजवळ आहेत ते सांगणारी एनएमआरचीच चाचणी) कळलं असतं म्हणा, पण मला बघायचंच नव्हतं ना.

आपलं सोड, पेनिसिलिनवर तर मोठमोठ्यांची जुंपली होती. रॉबर्ट रॉबिन्सन, ज्याला 1947 चं नोबेल मिळालं तो, थायाझोलिडिन-ऑक्साझोलोन या रचनेवर अडून बसलेला, दुसरे म्हणत चार अणूंची बीटा-लॅक्टम रिंग आहे. एक्सरेने रेणूंची रचना शोधणारी डोरोथी हॉजकिन आणि तिच्या सहकाऱ्यांनी सोडियम, पोटॅशियम, रुबिडियमच्या क्षारांचे स्फटिक घेऊन 1945 मध्ये दाखवलं की बीटा-लॅक्टमच. आणि गंमत बघ, ती ताणलेली रिंगच सगळं काम करते, बॅक्टेरियाची भिंत बांधणाऱ्या एन्झाइमवर ती उघडते आणि त्यालाच चिकटून बसते, म्हणजे रचना चुकली असती तर औषध मारतं कसं हेही उलगडलं नसतं. जॉन शीहान या केमिस्टने पेनिसिलिन व्ही फ्लास्कमध्ये बनवलं ते 1957 ला, रचना कळल्यावर 12 वर्षांनी. तुझी स्टेप सहा महिने अडलीय म्हणून रडतेस.

आता कामाचं. पावडर बसते म्हणजे घाई होतेय, डीसीएम (डायक्लोरोमिथेन, तुझं सॉल्व्हंट) भुर्रकन उडतं. पाच-दहा मिलिग्रॅम कंपाउंड घे, थोड्याशा इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये विरघळव, कापसातून गाळ (धूळ राहिली की शंभर ठिकाणी बारीक दाणे धरतात), आणि ती छोटी व्हायल उघडीच ठेवून हेक्सेन असलेल्या मोठ्या बाटलीत सोड, मोठीचं झाकण घट्ट. हेक्सेनची वाफ आपली आपण हळूहळू आत जाते आणि कंपाउंड सावकाश स्फटिक होऊन बाहेर पडतं. व्हॅक्यूम पंपाच्या शेजारी अजिबात नको, थरथरतं. दाणा 0.2 मिलिमीटरचा आला तरी बास. पोलराइज्ड लाइटखाली फिरवून बघ, अख्खा एकदम काळा झाला तर बहुतेक कामाचा, अर्धाच झाला तर दुसरा शोध. आणि गाळून सुकवू नकोस हं, काही स्फटिक सॉल्व्हंट धरून बसलेले असतात, बाहेर काढले की दोन मिनिटांत पांढरे फटक.

तुझ्या पेपरच्या टायटलमधलं ‘बायोअ‍ॅक्टिव्ह’ तूर्तास काढ. एका प्लेटवर एकदाच झोन (बॅक्टेरिया न वाढलेला गोल) दिसलाय, तेही जास्त डोसला, कंट्रोल लावून तीनदा करून आण, मग बघू.

आणि कालचा फोटो व्हायल हातात धरून काढलायस, दिसतंय मला. पुढच्या वेळी जिथे आहे तिथेच राहू दे तिला, मोबाइल जवळ ने.