घरी काढलेल्या टॅटूत पू झालाय, कुठली ट्यूब लावू?

तुझा प्रश्न असा आहे: वय 19, फोंड्याला रूम घेऊन राहतोस, पाच दिवसांपूर्वी रूममेटने शिवणाची सुई आणि शाई वापरून पोटरीवर त्रिशूळ काढून दिला. आता भोवती लाल झालंय, हात लावला की गरम लागतं, दोन ठिकाणी पिवळा पू दिसतो. घरी कोणाला माहीत नाही. हळद भरावी की एखादी ट्यूब मिळेल, हे तुला हवंय. वय लिहिलंयस म्हणून तुला अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

ट्यूब नको आणि हळदही नको. आजच डॉक्टरला दाखव. फोंड्यातच उपजिल्हा इस्पितळ आहे, लांब जायला नको.

मी सांखळीला एका फार्मसीत काम करते. तुझ्यासारखी मुलं काउंटरवर येतात ती दुसरी गिऱ्हाइकं गेल्यावर. बाही मनगटापर्यंत ओढलेली असते. ‘दीदी, काहीतरी चावलंय, एक ट्यूब द्या.’ दाखव म्हटलं की नको म्हणतात. हे मला लगेच ओळखू येतं, कारण माझ्याच घरात घडलंय आणि त्यातली एक चूक माझी होती.

2016 ची चवथ. धाकटा भाऊ तेव्हा बारावीला. त्याने मित्राकडून उजव्या हातावर, कोपराच्या खाली, ओम काढून घेतला होता. मला म्हणाला, डास चावला आणि खाजवून चिघळलं. मी नीट न बघता घरातल्या डब्यातली अर्धी राहिलेली ट्यूब त्याच्या हातात दिली. तिच्यात स्टेरॉइड होतं. दोन दिवस त्याला बरं वाटलं, खाज गेली, लालीही फिकी पडली. तिसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी त्याने नेहमीसारखं घुमट, म्हणजे आरतीत हाताने वाजवायचं मातीचं वाद्य, गळ्यात अडकवलं. डावा हात जागेवर गेला, पण उजवी थाप पडेचना. दोन ठोके वाजवून थांबला. आईने वीस माणसांसमोर त्याची बाही वर केली. ओमच्या जागी काळपट निळी सूज होती, लिंबाएवढी, आणि तिथून कोपराच्या आतल्या बाजूने वर एक लाल रेघ गेलेली, कोणी स्केचपेनने ओढल्यासारखी. काखेत गाठ. अंगात ताप आणि दात वाजत होते. त्याच रात्री त्याला ॲडमिट केलं, पू काढायला चीर द्यावी लागली, आणि विसर्जन होऊन गेलं तरी हा इस्पितळातच होता.

त्या ट्यूबने काय केलं ते समजून घे, कारण तुझ्या रूमवरही तशी एखादी पडलेली असेल. लाली, सूज, गरमपणा ही आपल्या शरीराची जंतूंशी चाललेली झुंज असते. स्टेरॉइड ती झुंजच थोपवतं. बाहेरून सगळं शांत दिसतं आणि आत जंतूंना मोकळं रान मिळतं. खाजेवर, गजकर्णावर म्हणून ज्या मिश्र ट्यूबा लोक नाव सांगून मागतात, त्यांतल्या पुष्कळांत स्टेरॉइड असतं. पू झालेल्या जागेवर ती कधीच लावायची नाही.

हळदीचंही सांगते. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते. ती सुकून तिची खपली धरते आणि पू खाली अडकतो. शिवाय कातडी पिवळी झाली की लाली कुठपर्यंत गेलीय ते डॉक्टरला दिसत नाही. चुना, टूथपेस्ट, खोबरेल, न पातळ केलेलं डेटॉल, हे काहीच नको. पू दाबून काढू नकोस आणि सुईने फोडू तर अजिबात नकोस. रूममेटकडे उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या असतील, त्याही घेऊ नकोस. अर्धवट डोसने जंतू मरत नाहीत आणि पुढे नेमकं औषध निवडणं डॉक्टरला अवघड होतं.

आता म्हणशील, नवीन टॅटू लाल होतोच की. होतो. पहिले दोन-तीन दिवस लाली, थोडी सूज, शाई मिसळलेलं पातळ पाणी येणं हे चालायचंच. पण ते रोज थोडं कमी व्हायला हवं, मग कोरडं पडून खपल्या निघतात आणि खाज येते. तुझं पाचव्या दिवशी वाढतंय, गरम आहे आणि पू आहे. म्हणजे हे भरून येणं नाही.

निघण्याआधी एक कर. साधं बॉलपेन घे आणि जिथे लाली संपते तिथे कातडीवर हलक्या हाताने गोल रेघ ओढ. बाजूला वेळ लिही, फोटो काढ. चार-पाच तासांनी लाली रेघेबाहेर गेली का, ते तुलाही कळेल आणि डॉक्टरलाही. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना मी हेच पहिलं सांगते, कारण ‘कालच्यापेक्षा बरं वाटतंय’ ही नुसती समजूत असते, रेघ तशी नसते.

थंडी वाजून ताप आला, पोटरीवरून मांडीकडे लाल रेघ चढली, जांघेत अवधाण, म्हणजे गाठ, आलं, कातडी काळी पडली किंवा फोड आले, किंवा जखम दिसते त्याच्या मानाने दुखणं भयंकर असेल, तर ओपीडीची वाट बघायची नाही. सरळ कॅज्युअल्टीत जा, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. 108 ला फोन कर. तुला डायबेटिस असेल तर एवढंही व्हायची वाट बघू नकोस.

तोवर साबणाने हात धुऊन मग जखम धू, उकळून गार केलेलं पाणी आणि सौम्य साबण वापर. टॉवेलने पुसू नकोस, स्वच्छ गॉजने टिपून घे आणि सैल गॉज बांध. पाय उशीवर उंच ठेव. दुखण्याला पॅरासिटामॉल चालेल. जीन्स घालू नकोस, पावसात भिजलेली तर मुळीच नको. समुद्र, नदी, धबधबा, सगळं बंद. समुद्राच्या खाऱ्या पाण्याने जखम बरी होते असं आपल्याकडे खूप जण मानतात. 2017 साली एका वैद्यकीय नियतकालिकात आलेली केस वाच म्हणजे कळेल. अमेरिकेतला 31 वर्षांचा माणूस टॅटू काढल्यावर पाचव्या दिवशी मेक्सिकोच्या आखातात पोहला, समुद्रातले जंतू जखमेतून आत गेले. त्याचं लिव्हर आधीच खराब होतं, दोनेक महिन्यांनी तो गेला. गावी घरची शेती असेल तर लावणीच्या चिखलातही पाय घालू नकोस, उघड्या जखमेतून लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप, होतो.

डॉक्टरसमोर ‘काटा लागला’ असं सांगू नकोस. सुई कुठली, शाई कुठली, ती कशात कालवली, त्याच सुईने आधी कोणाला काढलं होतं, आतापर्यंत काय काय लावलं, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे, सगळं सांग. शाई कशात कालवली हे मुद्दाम विचारते. शाई पातळ करायला नळाचं पाणी घेतलं असेल तर त्यात टीबीच्या जंतूंच्या कुळातले दुसरे जंतू असू शकतात. ते लगेच दिसत नाहीत. वरवर सगळं बरं होतं आणि दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, शाईच्या रेषांवरच बारीक लाल पुटकुळ्या उठतात. नेहमीच्या अँटिबायोटिकने त्या जात नाहीत, कातडीचा तुकडा तपासावा लागतो आणि औषध कित्येक महिने चालतं. तसं दिसलं तर परत जा आणि टॅटूचं परत सांग.

धनुर्वाताचंही विचार. शाळेत 16 व्या वर्षी इंजेक्शन मिळालं असेल तर बहुधा आता लागणार नाही. आठवत नसेल तर डॉक्टर देतील.

आता सुईकडे येते. लायटरवर धरली म्हणून सुई निर्जंतुक होत नाही, आणि एकाच बाटलीत बुडवली असेल तर बाटलीही गेली. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तात, निदान सात दिवस जिवंत राहतो. ती सुई आधी दुसऱ्या कोणाला लागलेली असेल तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही, तिन्ही तपासण्या करून घे. एचआयव्ही टाळायच्या 28 दिवसांच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, ती वेळ तुझ्या बाबतीत टळलीय. म्हणून आता एकदा टेस्ट आणि तीन महिन्यांनी पुन्हा. हिपॅटायटिसची कधी परत करायची ते डॉक्टर सांगतील. हिपॅटायटिस बी ची लस लहानपणी घेतली होती का ते विचार. नसेल तर तीन डोस असतात, आता, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी. एचआयव्हीची टेस्ट सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही सल्ला आणि तपासणी केंद्रात, फुकट होते आणि 2017 च्या कायद्याने तुझा रिपोर्ट सहसा तुझ्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. नुसतं विचारायचं असेल तर 1097 हा एचआयव्ही हेल्पलाइनचा नंबर आहे, तोही फुकट. कॉलेजच्या कॅम्पमध्ये रक्तदान करत असशील तर टॅटूनंतर 12 महिने करायचं नाही.

कॉमेंटमध्ये कोणीतरी तुला लिहिलंय की आपल्या आज्यांचं गोंदण असंच सुईने आणि काजळीने व्हायचं, त्यांना काय झालं? माझ्या आजीच्या हातावर तुळस होती, हिरवी पडलेली, मी लहानपणी बोटाने गिरवायचे. तिला काही झालं नाही, म्हणून ती आपल्याला आठवते. ज्या मुली गोंदणानंतर तापाने किंवा धनुर्वाताने गेल्या, त्यांचे हात बघायला कोणी नातवंड उरलं नाही.

घरी सांगायची भीती मला कळते. तू सज्ञान आहेस, डॉक्टर तुझ्या आईला फोन करणार नाहीत, म्हणून त्या भीतीपायी इस्पितळ टाळू नकोस. पण माझ्या भावाला मी नंतर विचारलं होतं, त्या तीन दिवसांत सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला? तो म्हणाला, सगळे समोर असताना हात लपवून जेवायचा. आई त्या रात्री ओरडली ती फक्त गाडीत बसेपर्यंत. नंतर इस्पितळात रात्रभर त्याच्या पायाशी बसून होती.

गोळ्या सुरू झाल्या की बहुधा दोन दिवसांत बरं वाटू लागेल. तरी लिहून दिलेल्या सगळ्या संपव. त्रिशूळाच्या रेषा कदाचित फाटतील, मध्ये शाई उडेल. त्या लगेच पुन्हा भरायला जाऊ नकोस. भावाच्या ओमचा चंद्र राहिलाय, बाकी चिरेचा पांढरा व्रण आहे. त्याच हाताने तो आजही चवथीला घुमट वाजवतो.

आणि रूममेटला आजच विचार, या सुईने आणखी कोणाकोणाला काढलंस? त्यांनाही पाय, हात, जे असेल ते उघडून बघायला सांग आणि तपासायला पाठव. सुई जाड प्लास्टिकच्या डब्यात घालून, झाकण घट्ट लावून, येताना इस्पितळात दे. कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, सकाळी ती पिशवी कोणीतरी हाताने उचलतं.