सेन्सर्स-डिटेक्ट (सेन्सरच्या चिप शोधणारी कमांड) चालवूनही लिनक्स सर्व्हरवर फक्त कोअरचं तापमान दिसतं. बोर्डाचं आणि पंख्याचं का दिसत नाही?

कोअरचं तापमान प्रोसेसरच्या आतून येतं, ते कोअरटेम्प नावाचा ड्रायव्हर वाचतो. बोर्ड आणि पंखे वेगळ्या चिपच्या ताब्यात असतात, आणि तिचा ड्रायव्हर तुमच्याकडे लागलेला नाही. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, एसीपीआय कॉन्फ्लिक्टची (बायोस आणि ड्रायव्हर एकाच पत्त्यांवर हक्क सांगतात, त्याची) ओळ आहे का बघा.

आमच्याकडे होती. भोसरीत एका मशीन शॉपच्या माळ्यावर आमचा सर्व्हर, वर पत्रा. जोडून दिला माझ्या साडूंनी, त्यांचा तोच धंदा. एप्रिलमध्ये तो रोज दुपारी तीनच्या सुमारास आपोआप बंद पडायला लागला. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, त्या दिवशी मात्र निवांत चालायचा. साडूंचं निदान फोनवरच झालं: "लिनक्स काढा."

सेन्सर्स-डिटेक्टला नुव्होटॉनची चिप सापडत होती, पण तिचा ड्रायव्हर, एनसीटी६७७५ मॉड्यूल, काही केल्या लागेना. बायोसने तेच पत्ते स्वतःसाठी धरून ठेवलेले. ग्रबमध्ये, म्हणजे बूटच्या सेटिंगमध्ये, एसीपीआय-एन्फोर्स-रिसोर्सेसला 'लॅक्स' (ढिलं) केलं, रीबूट केलं आणि आकडे आले. त्यातला एक होता 127 अंश! साडूंना आयतंच कोलीत मिळालं. "127 ला बोर्ड वितळला असता. तुमचे सगळेच आकडे बोगस."

127 खोटाच होता, ते मीही मान्य केलं. चिपच्या ज्या पिनेला बोर्डावर काहीच जोडलेलं नसतं, ती असलं काहीतरी दाखवते. पण त्याच यादीत दुसरा पंखा 0 आरपीएम होता, त्याचं काय? शनिवारी झाकण उघडलं. पंख्यात खालच्या लेथची तेलकट धूळ इतकी बसली होती की बोटानेही फिरेना. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, नवीन पंखा आणला, बंद पडणं थांबलं. साडू आजही लग्नकार्यात सांगतात की सॉफ्टवेअरवाल्यांना स्क्रूड्रायव्हर धरता येत नाही. झाकण कोणी उघडलं, हे तेव्हा कोणी विचारत नाही.

तर एक आकडा चुकीचा दिसला म्हणून बाकीचे फेकू नका. आणि आधी पंखे बघा, मग तापमान.

हो, 'लॅक्स' जपून वापरा. बायोस आणि ड्रायव्हर एकाच वेळी चिपवर लिहायला लागले तर पंख्याचा वेग भलताच होऊ शकतो. लांबच्या चालू सर्व्हरवर मी ते करणार नाही. तुमचा सर्व्हर तयार ब्रँडेड रॅकमधला असेल, तर वरचं बहुतेक विसरा. तिथे पंखे बीएमसी (बोर्डावरची वेगळी देखरेखीची चिप) सांभाळते, आयपीएमआयटूल ही कमांड लावून एसडीआरची, म्हणजे तिच्या सेन्सरांची, यादी काढा. आणि भाड्याचं व्हर्च्युअल मशीन असेल, तर त्यात सेन्सर सापडायचेच नाहीत.