चौकट आली की गाडी अडते

"बेरीज-वजाबाकी येते हो त्याला, पण रिकामी चौकट दिसली की सगळं विसरतो. हे डिस्कॅल्क्युलिया वगैरे तर नसेल ना?" सहावीतल्या एका मुलाची आई विचारत होती. (डिस्कॅल्क्युलिया म्हणजे आकडे आणि गणित शिकण्यातली अक्षमता.) शाळेत अपूर्णांक सुरू झाले की ही काळजी घेऊन पालक येतातच.

आईंना बाहेर बसवलं. (मागे उभं राहून कोणी सुस्कारे टाकत असेल तर मलाही वजाबाकी जमायची नाही.) मुलाला विचारलं, "साडेपाच लिटर दूध हवंय, घरात सव्वादोन आहे. किती आणशील?"

"सव्वातीन."

तेच कागदावर मांडलं: ▢ + २ १/४ = ५ १/२. अधिकचं चिन्ह दिसताच साहेबांनी बेरीज केली, ७ ३/४.

पुढचं गणित, ७ १/३ − ▢ = २ ५/६. "बाजू बदलली की चिन्ह बदलतं," असं पुटपुटत पुन्हा बेरीज, १० १/६. म्हटलं, "होते सातच्या वर थोडे, आणि त्यातून दहा काढलेस?" तो हसला. नियम खोटा नाही, पण इथे बाजू बदलायची ती वजा चिन्हापुढच्या चौकटीने, हे त्याला उमगलं नव्हतं. मी ७ − ▢ = ३ लिहिलं. "चार, सातातून तीन गेले!" मग तीच क्रिया मोठ्या गणितात.

समच्छेद बरोबर केले: ७ २/६ − २ ५/६. दोनातून पाच जाईनात, म्हणून सवयीने दोनच्या आधी बारीकसा १ लिहून त्याने १२ केले. उत्तर ४ ७/६. खरी गोम इथे होती. दशकाचा हातचा तो अपूर्णांकात वापरत होता. कागदाच्या पट्टीला घड्या घालून सहा भाग केले. छेद सहा असताना एक पूर्ण सुटा केला तर सहाच भाग मिळतात, म्हणजे २ चे ८. मग ६ ८/६ − २ ५/६ = ४ ३/६. "साडेचार!" तो स्वतःच म्हणाला.

आईंना सांगितलं, लहान-मोठी संख्या ओळखणं, सुट्टे पैसे मोजणं, घड्याळ बघणं हेही वर्षानुवर्षं अडत असेल तर मानसशास्त्रज्ञाकडून तपासणी जरूर करून घ्या. दुधाचा हिशेब तोंडी करणाऱ्या मुलाला आत्ता तिची घाई नको. घरी रोज दोनच गणितं द्या, घड्याळ लावू नका, आणि आलेलं उत्तर चौकटीत ठेवून ताळा त्यालाच करू द्या.

"पण घटक चाचणी सोमवारी आहे!"

हातच्याचं एखादं गणित तिथे चुकेल. चुकू दे.