घरात कलेचं वातावरण नसेल तर चित्रकाराने आपली पार्श्वभूमी काय सांगायची?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बार्शीत वडिलांचं किराणा दुकान, घरात चित्रकलेशी कुणाचा संबंध नाही, तुम्ही नोकरी सांभाळून चित्रं काढता. मुलाखतींत मात्र प्रत्येक चित्रकार आजीच्या रांगोळीबद्दल आणि घरच्या संस्कारांबद्दल बोलतो. मग आपण काय सांगायचं, आणि प्रेरणा आणायची कुठून?

पहिल्या प्रश्नावर मी बरीच वर्षं भांडते आहे, म्हणून लिहिते.

माझे आप्पा इचलकरंजीत पाट्या रंगवायचे. दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या मागची अक्षरं, तालमीचा फलक, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार आणि निवडणूक आली की गावभर भिंती. टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त झाले, प्रचाराचे नियम कडक झाले, पुढे १९९५ साली भिंती रंगवण्याला आळा घालणारा मालमत्ता विद्रूपणाचा कायदा आला, तसं भिंतींचं काम आटलं. नंतर फ्लेक्सने बोर्डही नेले. त्याआधी शाळा सुटली की मी त्यांच्या हाताखाली असायचे.

पाटी रंगवणं म्हणजे काय ते लोकांना वाटतं तितकं सोपं नाही. आधी रंगाची पूड लावलेली दोरी ताणून मारायची, म्हणजे शिरोरेषा सरळ येते. मग वेलांटी-रफारासाठी वर किती आणि उकारासाठी खाली किती जागा सोडायची ते ठरवायचं. नावाचा मध्य काढून दोन्ही बाजूंना अक्षरं मांडायची. डावीकडून लिहीत सुटलं की मालकाचं आडनाव चेंगरतं. मनगट टेकायला डाव्या हातात काठी, तिच्या टोकाला कापडाचा बोळा. ऊन पाहून टर्पेंटाइन कमी-जास्त. सगळ्यात अवघड म्हणजे शटर. त्याच्या पट्ट्या आडव्या, त्यामुळे काना ओढताना ब्रश प्रत्येक खाचेत अडतो. हात एका दमात खाली आला नाही तर काना तुटका दिसतो. आप्पांचा कधी तुटला नाही.

हे सगळं माझ्या हातात आलं आणि तेच घेऊन मी कलामहाविद्यालयात गेले. तिथे एका प्राध्यापकांनी माझं काम पाहून सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "यात पाटीचा हात दिसतो. आधी तो घालव." मी तो घालवला नाही. आजही माझ्या चित्रांत एक सपाट रंग दुसऱ्याला भिडतो ती कड मी टेप न लावता हाताने ओढते. काठी तीच आहे.

खरा वाद पुढे झाला. मुंबईत माझं पहिलं एकल प्रदर्शन होतं. विषय यंत्रमागांचे शेड, पत्रे, शटर. गॅलरीने माझ्याबद्दलचा मजकूर परस्पर लिहून पाठवला: "ग्रामीण लोककलेच्या वातावरणात वाढलेली..." इचलकरंजी! जिथे रात्रभर मागांची खडखड चालते ते शहर! मी कळवलं, "पाट्या रंगवणाऱ्याची मुलगी, असं लिहा." उत्तर आलं की त्याने वजन पडत नाही, निदान आईच्या गोधड्यांचा तरी उल्लेख करू. माझ्या आईने गोधडी शिवलेली नाही. ती सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कामाला जायची. संध्याकाळभर फोनवर हुज्जत झाली. शेवटी मी सांगितलं, भिंतीवरचा मजकूर मी स्वतः रंगवणार, कापलेली चिकट अक्षरं नकोत. आप्पांचा ब्रश नेला, दोरी मारली आणि लिहिलं: वडील पाट्या रंगवत, मी त्यांच्याकडे शिकले. उद्घाटनाला आप्पा आले ते आधी त्या भिंतीसमोर उभे राहिले. बराच वेळ पाहून म्हणाले, दुसऱ्या ओळीत अंतर सैल पडलंय. मग चित्रांकडे वळले.

लोककलेचा मला राग नाही. वारली घरांत लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नचित्र, सवाशिणी लिहीत आल्या, तांदळाच्या पिठाने, आणि जिव्या सोमा म्हसेंसारख्या माणसाने तीच रेघ कागदावर आणून जगभर नेली. ते त्यांचं आहे. मजकुराला शोभा यावी म्हणून मी ते उसनं का घेऊ? आणि आमच्या धंद्यालाही पूर्वज आहेत. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटर झाले, कॅमेरा स्वतः तयार केला, १९२० साली त्यांचा मूकपट लोकांनी पाहिला आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरंही त्यांनी रंगवली. पंढरपूरला जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत होते. त्यांचा पाटीचा हात कुणी घालवायला सांगितला असता तर काय उरलं असतं?

आता तुमचं. मुलाखतींतली निम्मी प्रेरणा मागाहून जोडलेली असते, असं माझं स्पष्ट मत आहे. चित्र आधी होतं, आजी नंतर आठवते. तुमच्याकडे दुकान आहे. पोत्यांची उघडी तोंडं, काट्याची पारडी, उधारीची वही, गिऱ्हाईक पैसे नाहीत हे सांगताना उभं राहतं ती पद्धत. हे तुम्ही लहानपणापासून रोज पाहिलंय. दुसरा चित्रकार चार दिवस येऊन बसला तरी त्याला ते दिसणार नाही. सुधीर पटवर्धन डॉक्टर. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करता करता त्यांनी कामगार, लोकलमधली माणसं, वाढणारं शहर रंगवलं. चित्रकला ते स्वतःच शिकले.

किराणा दुकानच रंगवा असं मात्र मी म्हणत नाही. ते डोक्यातून जात नसेल तरच रंगवा. शिक्षणाचंही तसंच. त्याच महाविद्यालयात मला माणूस समोर बसवून काढायला शिकवलं, ते आप्पांकडे शिकता आलं नसतं. मिळालं तर घ्या. पाट्यांच्या धंद्याबद्दल हळवं होऊ नका. आप्पांना म्हातारपणी खोकला आणि बुडालेली उधारी याशिवाय त्याने फारसं दिलं नाही. नोकरी सोडू नका, पटवर्धनांनीही २००५ पर्यंत प्रॅक्टिस चालू ठेवली होती. प्रेरणेचं तुम्ही विचारलंत त्याला माझ्याकडे याहून वेगळं उत्तर नाही.

आणि कुणी मजकूर मागितला तर "बार्शी, किराणा दुकान" एवढंच लिहून द्या. त्यांनी बदललं तर छापण्याआधी नमुना मागून घ्या, वाचा, खोडा आणि परत पाठवा. तोंडी सांगू नका, लेखी कळवा.